हवेशीर खोली

आमच्या घरात जो शिकायला बसेल त्याला सगळ्यात हवेशीर जागा, असा नियम होता. धावडा या गावी आमचं मातीचं घर, आणि वर माळवद, म्हणजे मातीचंच सपाट छत. थंडी सरली की सगळं घर अंथरुणं घेऊन तिथं झोपायला जायचं. पण माझ्या थोरल्या भावाची दहावी आली त्या वर्षी माळवद एकट्या दादाचं झालं. आम्ही खाली उकाड्यात तळमळायचो आणि तो वर गार वाऱ्यात वाचत बसायचा. पहाटे माय त्याला उठवायची, चहाचा पेला हातात द्यायची आणि खाली येऊन आम्हाला दम भरायची, आवाज केला तर बघा म्हणून. दादा शाळेत पहिला आला. पेढे वाटताना आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ज्याला त्याला सांगत होते, "मोकळ्या हवेत लई डोकं चालतं त्याचं."

हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. दादाचं डोकं माळवदावर चालायचं, गोठ्यात चालायचं आणि जेवताना सुद्धा चालायचं. त्यात हवेचं काही कौतुक नव्हतं. गावात कीर्तन झालं की दुसऱ्या दिवशी तो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, बुवांच्या खोकल्यासकट, म्हशींसमोर करून दाखवायचा. मी कविता पाठ करायला बसले की ती माझ्याआधी त्याचीच पाठ व्हायची आणि वर तो मलाच चिडवायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. बाहेर कुणाला मात्र मी त्याच्याबद्दल वाकडा शब्द बोलू द्यायची नाही.

दादाला जालन्यात अकरावी सायन्सला घातलं तेव्हा ऐंशीचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं. त्याला इंजिनियर करायचं हे घरात ठरलं होतं. इंजिनियर काय करतो हे मात्र घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. पोरं शिकवायची आमच्याकडची रीत अशी की शहरात खोली करायची, माय पोरांना घेऊन तिथं राहणार, बाप गावी शेत बघणार, आणि एसटीच्या टपावरून ज्वारीचं पोतं, डाळी, शेवगा, जे असेल ते येत राहणार. मी आठवीत होते. दादाच्या शेपटाला बांधून मलाही नेलं.

जागा मिळाली ती शहराच्या कडेला, नव्या वस्तीत. पलीकडे भंगार वितळवून सळया काढणारे कारखाने होते. तेव्हा ते नुकतेच वाढत होते आणि त्यांची धुराडी लोक पाहुण्यांना दाखवायचे. आमच्या घरमालकांनीही दाखवली. "इथं पोराला नोकरीला तोटा न्हाई," असं म्हणाले. त्यांच्याकडे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. एक खाली, मागच्या अंगाला, बिनखिडकीची, दिवसाही दिवा लावावा लागे अशी. दुसरी वर गच्चीवर, पत्र्याची, आणि तिला दोन बाजूंनी खिडक्या. मायनं वर जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या. वारा आत आला तशी ती म्हणाली, "ही माझ्या लेकराची. आपल्या माळवदावानी हाय."

मी आणि माय खालच्या अंधाऱ्या खोलीत. तिथंच स्टोव्ह, तिथंच अंथरूण. मला खिडकी नाही म्हणून मी वर्षभर कुरकुर केली. एक दिवस दादा म्हणाला, हिला वर झोपू द्या. माय माझ्यावरच खेकसली, "तुझी कोणती बारावी हाय?" मला ते फार लागलं.

कारखान्यांच्या भट्ट्या रात्रभर चालायच्या. पहाटे वारा पडला की धूर वर जायचा नाही, वस्तीवरच बसून राहायचा. सकाळी गच्ची झाडताना केरसुणी काळी व्हायची. दोरीवरचं पांढरं धोतर पाहता पाहता राखेच्या रंगाचं व्हायचं. दादाची पुस्तकं खिडकीच्या कठड्यावर असायची. माय तिथून आधी बोट फिरवायची, बोट काळं निघायचं, ते ती शेजारच्या भिंतीला पुसायची आणि मग फडकं मारायची. भिंतीवर त्या बोटांचा एक काळा पट्टाच उमटला होता. घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, खिडक्या लावून घ्या, सगळी काजळी आत येते. माय म्हणाली, "कोंडलेल्या खोलीत लेकराचं डोकं कसं चालंल वं बाई?" काजळी म्हणजे तिच्या लेखी पुसायची गोष्ट. घरात चूल पेटवत आयुष्य गेलेल्या बाईला धुराचं काय अप्रूप असणार.

पहाटेचा अभ्यास जालन्यातही चालूच राहिला. गावाकडे पहाट म्हणजे दिवसातली सगळ्यात स्वच्छ वेळ. इथं ती सगळ्यात घाण वेळ होती, पण हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. वर पाहिलं असतं तर दिसलं असतं, कारण तारे दिसत नव्हते. मायला वाटायचं, आभाळ आलंय.

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. बारावीच्या वर्षी दादाचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठला की कपाळ धरून बसायचा. मग तो विसरायला लागला. मला आठवतं, एका संध्याकाळी त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मी सांगतो, तू बघ. ही आमची जुनी पद्धत होती. धड्यातलं मला काही समजायचं नाही, पण शब्द जुळतात की नाही एवढं मी बघू शकायची. त्यानं सुरुवात केली, तीन-चार ओळी म्हटल्या आणि थांबला. मी वाट पाहिली. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू पुढची ओळ मीच लपवून ठेवली आहे.

"पुढं काय?" तो म्हणाला.

मी पहिला शब्द सांगितला. तरी त्याला पुढचं आठवलं नाही. मग त्यानं पुस्तक माझ्या हातातून ओढून भिंतीवर फेकलं. दादानं पुस्तक फेकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी घाबरले आणि खाली पळाले. माय विचारत राहिली, काय झालं, आणि मी म्हटलं, पाल दिसली.

पण लपून किती दिवस राहणार. चाचणीचे मार्क आले, कॉलेजातल्या सरांनी बोलावून घेतलं, आणि उपाय सुरू झाले. ब्राह्मीच्या तेलाची बाटली आली. भिजवलेले बदाम आले. ते मला मोजूनमापून चाखायला मिळायचे, म्हणजे सालं. कुणीतरी अंगारा दिला. हे सगळं जिना चढून त्या खोलीत जायचं. सगळ्यात मोठा उपाय मायनं स्वतःच्या अकलेनं काढला. खोलीत झोप येते म्हणून ती त्याला पहाटे बाहेर, उघड्या गच्चीवर, शाल गुंडाळून बसवायला लागली. हिवाळ्याचे दिवस होते. कंदिलाभोवती धुकं दिसायचं. त्या धुक्याला वास यायचा, तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या तेलाचा, आणि घशात गेला की दिवसभर तिथंच राहायचा.

त्याआधी दिवाळीत आम्ही धावड्याला गेलो होतो. पहिले काही दिवस दादा नुसता झोपला. मग एका सकाळी मी गोठ्यात गेले तर हा म्हशींसमोर उभा राहून रसायनशास्त्र म्हणत होता. न अडखळता, हातवारे करत. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की मी ओरडतच घरात गेले. त्याची डोकेदुखीही गेली होती. म्हणजे पुरावा आमच्या अंगणात येऊन उभा होता. आम्ही काय केलं? अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"इथं चालतंय अन् तिथं चालंना," ते म्हणाले. "म्हंजी डोकं बराबर हाय. मन ठिकाणावर न्हाई. तिथं कोणी पोरगी-बिरगी हाय का गं?"

"त्याला पुस्तकातलं दिसंना झालंय, अण्णा," मी म्हटलं, "पोरगी कुठून दिसंल?"

अण्णा हसले नाहीत. पण त्यांनी तो विचार सोडलाही नाही. दादाला कळलं तेव्हा तो त्यांच्याशी दोन दिवस बोलला नाही. परत जालन्याला निघताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. वाटेतलं हसनाबाद मागे पडलं तेव्हा मला म्हणाला, "तिकडं गेलं की डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं गं." मी म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल. तेव्हा आम्हाला जे ते टेन्शनच वाटायचं.

बारावीला दादा नापास झाला. ऑक्टोबरला पुन्हा बसवला, त्याच खोलीत, त्याच गच्चीवर, आणखी जास्त पहाटे उठवून. पुन्हा नापास. निकालाच्या दिवशी अण्णा गावाहून आले. ओरडतील, मारतील म्हणून माय जिन्याच्या पायरीवर आडवी बसून होती. त्यांनी तिला बाजूला केलं आणि वर गेले. मी मागे गेले. अण्णा दादाशेजारी कॉटवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमचे अण्णा कुणाच्या पाठीवर हात ठेवणाऱ्यातले नव्हते.

"तुझा दोष न्हाई बाबा," ते म्हणाले. "आपल्या रक्तातच न्हाई ते. आम्ही कुळवामागं चालणारी माणसं. उगंच तुझ्या डोक्याला तरास दिला. चल घरी."

त्यांनी मायेनं म्हटलं होतं, यात शंका नाही. पोरानं काही बरंवाईट करून घेऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. पण मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मार विसरला असता. हे वाक्य दादानं असं पाठ केलं की पुन्हा म्हणून तो ते विसरला नाही.

तो धावड्याला गेला आणि शेताला लागला. लग्न झालं, मुलगी झाली. डोकेदुखी कधीच गेली होती. आठवणही परत आली असावी, पण ती कुणाला दाखवायची त्याला हौस राहिली नव्हती. कीर्तनाला जायचा, मागे बसून ऐकायचा आणि गुपचूप घरी यायचा. कुणी काही विचारलं की म्हणायचा, मला काय कळतं, मी आपला ढ माणूस. हसत म्हणायचा, म्हणून लोकही हसायचे. मला मात्र त्या हसण्याचा संताप यायचा.

दादा गेल्यावरही मी मायबरोबर खालच्या बिनखिडकीच्या खोलीत राहून शिकले आणि मास्तरीण झाले. त्याच रक्ताची मी, मग माझ्यात ते कुठून आलं, असं मी एकदा अण्णांना विचारलं. ते म्हणाले, तू तुझ्या मामांवर गेलीस. असं सगळ्याला उत्तर होतं. मायही माझ्या शिक्षणाचं कौतुक करताना आवाज खाली करायची, दादा ऐकेल म्हणून.

नोकरी जालन्यातच लागली, आमच्या त्या जुन्या वस्तीपासून जवळच्या शाळेत. तोवर कारखाने वाढले होते, रस्त्यावर काळा धूर सोडणाऱ्या रिक्षा आल्या होत्या, ट्रकांची रांग लागलेली असायची. वर्गातली काही मुलं सकाळच्या पहिल्या तासाला कपाळ धरून बसायची. काल शिकवलेलं आज विचारलं की माझ्याकडे बघत राहायची. ते बघणं मी ओळखत होते. एकदा आरोग्य तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मी त्यांना या मुलांबद्दल विचारलं. मुलं कुठं राहतात ते त्यांनी विचारलं, मी कारखान्यांच्या बाजूला हात केला.

"आपल्याला वाटतं धूर छातीत जातो आणि तिथंच राहतो," त्या म्हणाल्या. "त्यातलं बारीक ते रक्तातही उतरतं. मेंदूपर्यंत पोचतं असं आता अभ्यास करणारे म्हणायला लागलेत. वाढत्या वयात त्याचा त्रास जास्त. लक्ष लागत नाही, आठवत नाही, चिडचिड होते. पण एखाद्या मुलाकडे बोट दाखवून, याचं हे धुरानंच झालं, असं मी म्हणणार नाही. तेवढं आपल्याला माहीत नाही."

शेवटचं त्यांनी सांगितलं ते बरं केलं. मी विज्ञान शिकवते, मला पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. दादाच्या डोक्याचं नेमकं काय झालं हे कुणी तपासलं नव्हतं आणि आता तपासताही येणार नव्हतं. पण मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले आणि मला ती शाल, तो कंदील आणि ते वासाचं धुकं आठवलं. आम्ही त्याला त्या धुरात उचलून नेऊन बसवत होतो, लाडानं, बदाम देऊन. मला रडू आलं. राग पण आला, आणि तो धरायचा कुणावर तेच कळेना. अण्णांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

हे मी दादाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं वाटायचं. सांगावं लागलं ते त्याच्या मुलीमुळे. पोरगी दहावीला धावड्याच्या शाळेत पहिली आली आणि तिला जालन्यात सायन्सला जायचं होतं. तिनं मला फोन केला, "आत्या, पप्पा न्हाई म्हणून राह्यलेत. तुम्ही या." मी त्याच रविवारी गेले.

दादा ओट्यावर हिरव्या मिरचीची पोती भरत होता. सकाळी तोडणी झाली होती आणि गाडी यायची होती. मी शेजारी बसून विचारलं, पोरीला का पाठवत नाहीस.

"गेल्तो की मी," तो म्हणाला. "काय झालं? आपल्या रक्तात न्हाई ते. इथं पहिली आली म्हणून तिथं चालंल असं न्हाई. मीबी इथं पहिलाच आल्तो."

"तू गेलास तेव्हा आपण तुला कुठं ठेवलं होतं, आठवतं?"

"वरच्या खोलीत. हवा होती चांगली."

मग मी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं, त्यांच्या शेवटच्या वाक्यासकट. त्याचं पोत्यात मिरची दाबणं आधी हळू झालं, मग थांबलं. दिवाळीत म्हशींसमोर म्हटलेल्या रसायनशास्त्राची आठवण मी काढली. डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं, असं तू एसटीत म्हणाला होतास, हेही सांगितलं.

"नक्की असं मला सांगता येत नाही, दादा," मी म्हटलं. "पण रक्ताचं काही नव्हतं, एवढं मी सांगते."

त्याचे डोळे भरले होते आणि हाताला मिरची लागलेली, त्यामुळं त्याला ते पुसताही येईनात. शेवटी त्यानं दंडाला डोळे घासले.

"मायला सांगू नको," तो म्हणाला. "पहाटं चहा घेऊन तीच यायची." मग पोत्याचं तोंड जुळवत, "अण्णाला सांगायला पाहिजे होतं गं."

त्यानं दाभणात सुतळी ओवली आणि पोतं शिवायला घेतलं. पोरीचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण मी निघताना तो एसटीपर्यंत आला आणि म्हणाला, "खोल्या बघून ठेव. कारखान्याच्या अंगाला नको. मी येतो."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन-तीन ठिकाणं पाहून ठेवली. दादा मुलीला घेऊन आला, धुतलेला शर्ट घालून, कॉलेजात निघाल्यासारखा. एका घरमालकांनी आम्हाला थेट वर नेलं. रस्त्याच्या बाजूची खोली, मोठी खिडकी, खाली रिक्षाथांबा. "अभ्यासाला एक नंबर," ते म्हणाले. "बिलकुल हवेशीर." पोरीचा चेहरा खुलला. ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि खालचा रस्ता बघायला लागली.

दादा तिच्या मागे गेला. त्यानं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, आणि ते उजेडात धरून पाहिलं. मग मायसारखं ते शेजारच्या भिंतीला पुसायला गेला, भिंत नवी रंगवलेली दिसली तसा थांबला आणि खिशातला रुमाल काढला.

"दुसरी न्हाई का? आतल्या अंगाची, रस्त्यापासून लांब?"

"मागं एक आहे," घरमालक म्हणाले. "तिची खिडकी परसातल्या लिंबाच्या झाडाकडं उघडते. रस्त्यावरचं काही दिसत नाही. पोरं ती घेत नाहीत."

"तीच द्या हिला."

"पप्पा, ही किती छान आहे," पोरगी म्हणाली.

घरमालकांनाही ते गिऱ्हाईक विचित्र वाटलं असावं. शेतकरी माणूस, चांगली खोली सोडून मागची मागतोय. त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही इथं शिकायला होता का कधी?"

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल आणि नेहमीचं वाक्य म्हणेल.

"व्हतो," दादा म्हणाला. "वरच्या खोलीत व्हतो. हुशार व्हतो मी."

पोरीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिनं हे आधी कधी ऐकलं नव्हतं.